वैशाखातले कार्यक्रम आणि घरातले ज्येष्ठ

सिंदी (रेल्वे) हे नागपूर–वर्धा लोहमार्गावरचे, सेलू तालुक्यातले गाव. वर्ध्याला लागूनच सिंदी (मेघे) असल्याने कंसातली ‘रेल्वे’ आवर्जून सांगावी लागते; नाहीतर पाहुणा भलत्याच गावी पोहोचायचा. पंचक्रोशीबाहेर या गावाचे नाव आहे ते तान्ह्या पोळ्यासाठी. परंतु तो सण पावसाळ्यातला, सुसह्य हवेतला. या लेखाचा विषय आहे त्याआधीचे तीन तापलेले महिने, आणि त्या महिन्यांतले गावाचे एकत्र येणे.

कारण वर्धा जिल्ह्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावत असतानाही लोक जमायचे थांबत नाहीत. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंतीचा महाप्रसाद असतो, १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती, ३० एप्रिलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामजयंती. मग अक्षय तृतीया, बुद्ध पौर्णिमा. त्यातच लग्ने, आमरसाच्या पंगती आणि अंगणोअंगणी चाललेली वाळवणे. प्रश्न एवढाच, की या सगळ्यात घरातले पंच्याहत्तरीचे आजोबा कुठे असतात? बहुधा कूलरसमोरच्या पलंगावर. ‘उन्हाचे कशाला नेता त्यांना?’ हे वाक्य मायेपोटी उच्चारले जाते आणि जून उजाडेपर्यंत त्या माणसाचा जगाशी संबंध तुटतो.

ज्यांची मुले कॅनडात आहेत त्यांनी तिकडच्या सरोवराकाठच्या उन्हाळ्याची वर्णने ऐकली असतील. ऑन्टारिओ प्रांतातील मस्कोका सरोवरांच्या परिसरात रहिवाशांची संघटना १८९४ पासून आहे. काठावरच्या कुटिरांत राहायला आलेली कुटुंबे जुलै-ऑगस्टमध्ये नौकांच्या शर्यती आणि सहभोजने यांसाठी एकत्र येतात. हिमाने कोंडलेले तिथले वृद्ध उन्हाळ्यात बाहेर पडतात. आपले वृद्ध उन्हाळ्यानेच कोंडले जातात. ऋतू उलटा, पण कोंडमारा तोच.

हा कोंडमारा केवळ मनाचा नाही. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे दगावली. मृतांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे शेजारशेजारच्या वस्त्यांची तुलना केली. जिथे रस्ते गजबजलेले, दुकाने उघडी आणि शेजाऱ्यांचे जाणे-येणे होते, तिथे वृद्ध तुलनेने अधिक वाचले, असे त्याला दिसले. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसे उष्म्याने गेली, त्यांतही बहुसंख्य वृद्ध. तो तिथला सुट्ट्यांचा महिना. उन्हाची लाट आली की ज्येष्ठांना पाण्याइतकीच कोणीतरी डोकावून विचारपूस करण्याची गरज असते.

म्हणून ज्येष्ठांना घरी ठेवण्यापेक्षा कार्यक्रमाची वेळ बदलणे शहाणपणाचे. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या आत सूर्योदय होतो. पहाटे पाच ते साडेसात हा काळ खरा ज्येष्ठांचा. तुकडोजी महाराजांनी रुजवलेले पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना या दोन वेळा उन्हाळ्यालाही नेमक्या मानवतात. फक्त सायंकाळी घाई नको. सूर्य मावळला तरी सिमेंटचे अंगण आणि पत्र्याचा मांडव बराच वेळ धग सोडत राहतात; आधी पाणी शिंपडावे आणि आठच्या सुमारास बसावे. दुपारी बाराच्या पंगतीला मात्र ज्येष्ठांनी सरळ नकार द्यावा, यजमान कितीही जवळचा असो.

ज्येष्ठ ‘मी येत नाही’ म्हणतात, त्यामागे काय असते याचाही विचार व्हावा. भोंग्याच्या आवाजात कमी ऐकू येणाऱ्याला काहीच कळत नाही. सतरंजीवर बसले की उठता येत नाही. आणि सर्वांत मोठे कारण कोणी बोलून दाखवत नाही: लघवीची सोय. बाहेर जायचे म्हणून अनेक आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वयानुसार तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते, त्यात हा स्वतःहून केलेला निर्जळी उपास. मांडवाच्या सजावटीवर खर्च करणाऱ्या मंडळांनी आधी जवळच्या एखाद्या घरातले स्वच्छतागृह, शक्यतो कमोडचे, ज्येष्ठांसाठी उघडे ठेवावे. आठ-दहा हाताच्या खुर्च्या पुढे मांडाव्यात. व्यासपीठ नसले तरी चालेल.

दुसरी गोष्ट, त्यांना पाहुणे म्हणून नेऊ नये. काम द्यावे. कुरड्यांचा दिवस आठवून पाहा. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि दुसऱ्या पहाटे अंधारातच चुलीवर घाटायचा. चीक शिजला की नाही हे घड्याळ सांगत नाही. ते चाटूला लागलेल्या चकाकीवरून आजी सांगते. सोऱ्या दाबायला तरुण हात हवेत, पण आजीने मान डोलावल्याखेरीज पातेले उतरत नाही. ऊन चढेपर्यंत गल्लीतल्या चार घरांच्या कुरड्या खाटेवर पडलेल्या असतात आणि आजी दोन तास माणसांत बसून आलेली असते. (वाळवण राखायला भर दुपारी तिलाच गच्चीवर बसवू नये, हे वेगळे सांगायला हवे का? हवे.) रक्तदाब असलेल्यांनी पापड-कुरड्या करायला जरूर बसावे, खाताना मात्र मिठाचा आणि पापडखाराचा विचार करावा. मधुमेहींनी आमरसाची वाटी लहान ठेवावी आणि गोड पन्ह्याऐवजी ताक घ्यावे.

उन्हाळ्याच्या आरंभीच डॉक्टरांना औषधांची यादी दाखवणे इष्ट. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारांवरील काही औषधे आणि कंपवातावरील काही औषधे उष्म्यात त्रासदायक ठरू शकतात. मात्र आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही डॉक्टरांना विचारूनच पाळावा. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम वारा अंगावर फेकतो. अंगावर ओला पंचा हवा. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण मृगाच्या आसपास हवा दमट झाली की तोच निष्प्रभ होतो. नवतपा संपला म्हणून ज्येष्ठांवरचे लक्ष काढून घेऊ नये, ते यासाठीच.

कार्यक्रमात एखादे ज्येष्ठ असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा नेहमीपेक्षा सुस्त झाले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. उष्माघातात घाम थांबतोच असे नाही. त्यांना सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी शिंपडत वारा घालावा, काखेत आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. १०८ ला फोन एकाने करावा. तोवर बाकीच्यांनी अंग गार करणे थांबवू नये, रुग्णवाहिका दारात येईपर्यंत.