पोर्श ९११

जर्मनीतील श्टुटगार्ट येथील पोर्श कंपनीची, एंजिन मागील आसाच्याही मागे बसविलेली स्पोर्ट्‌स मोटारगाडी. १९६४ पासून हिचे उत्पादन अखंड चालू आहे. एंजिनाच्या या जागेमुळे गाडीला काही गुण लाभले, तसाच एक धोकाही चिकटला. गुण राखून तो धोका कमी करीत जाणे, हेच हिच्या विकासाचे मुख्य सूत्र होय.

पूर्वपीठिका : फेर्डिनांट पोर्श (१८७५–१९५१) यांनी १९३० नंतरच्या दशकात आरेखित केलेल्या फोक्सवॅगन ‘बीटल’ गाडीत हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे एंजिन मागे होते. त्यांचे पुत्र फेरी (१९०९–९८) यांनी १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्यूंट येथे तिचेच अनेक भाग वापरून पोर्श ३५६ ही गाडी तयार केली. तिच्या जागी आणावयाच्या नव्या गाडीचा आकार फेरी यांचे पुत्र फेर्डिनांट आलेक्झांडर (१९३५–२०१२) यांनी ठरविला. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ या क्रमांकाने मांडण्यात आली. परंतु मधला अंक शून्य असलेल्या तीन अंकी क्रमांकांवर फ्रान्समधील प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्याने तो बदलून ९११ करण्यात आला.

रचना : मूळ एंजिनात भुजादंडाच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन सिलिंडर आडवे मांडलेले होते. त्यामुळे एंजिन आखूड व बुटके झाले आणि गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहिला. त्याची धारिता १,९९१ घ. सेंमी. व शक्ती १३० अश्वशक्ती होती; गाडी ताशी सु. २१० किमी. वेग गाठत असे. शीतनासाठी पट्ट्याने फिरणारा पंखा होता. वेगाने वळताना वंगणतेल एका बाजूस जाऊन धारव्यांचे वंगण तुटू नये म्हणून ते वेगळ्या टाकीत साठविले जाई.

वळणावरील दोष व उपाय : एंजिनाचा भार मागील चाकांवर पडल्याने वेग वाढविताना त्यांची रस्त्यावरील पकड उत्तम राहते. पण भर वेगात वळण घेत असता चालकाने घाबरून प्रवेगकावरील पाय एकदम उचलला, तर भार पुढे सरकतो, मागील टायरांची पकड घटते आणि जड शेपटी बाहेरच्या बाजूस फेकली जाऊन गाडी गरकन फिरते. अननुभवी चालकास सहज सुचणारी कृती येथे नेमकी घातक ठरे.

आरंभी काही गाड्यांच्या पुढील बंपरमध्ये ओतीव लोखंडाची वजने बसविण्यात आली. हा केवळ तात्पुरता इलाज होता. खरी सुधारणा १९६८ मध्ये झाली. एंजिन होते तेथेच ठेवून मागील चाके ५७ मिमी. मागे नेण्यात आली व दोन्ही आसांमधील अंतर २,२११ वरून २,२६८ मिमी. झाले. तसेच एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढील दोन कोपऱ्यांत ठेवण्यात आल्या. उतरत्या पाठीवरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे गाडीचा मागील भाग उचलला जाई. १९७२ मध्ये सादर झालेल्या कारेरा आरएस २·७ या प्रतिमानात त्यावर उपाय म्हणून बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा देण्यात आला, आणि मागील चाके पुढील चाकांहून रुंद करण्यात आली. टाटा नॅनो या भारतीय मोटारगाडीतही एंजिन मागे होते आणि तिचेही मागील टायर पुढील टायरांहून रुंद होते. पुढे १९८९ च्या प्रतिमानात चारही चाकांना शक्ती पुरविण्याची सोय झाली आणि १९९३ मध्ये मागील चाकांची जोडणी नव्याने आरेखित करण्यात आली. यानंतर मूळ दोष बव्हंशी ताब्यात आला.

एंजिनातील सुधारणा : मूळ एंजिनाच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतील अंतर ११८ मिमी. होते. तेवढ्यातच सिलिंडरांचा व्यास ८० वरून ८४ आणि पुढे ९० मिमी.पर्यंत वाढविण्यात आला. ९० मिमी. व्यास साधण्यासाठी ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांना आतून निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा पातळ लेप देण्यात आला. धारिता १९६९ मध्ये २,१९५, १९७१ मध्ये २,३४१ व नंतर २,६८७ घ. सेंमी. झाली. मात्र मॅग्नेशियम मिश्रधातूच्या क्रँककेसला वाढलेली उष्णता व ताण सोसवेना; सिलिंडर-शीर्षे आवळून धरणाऱ्या बोल्टांचे आटे निसटू लागले. २,९९४ घ. सेंमी. एंजिनासाठी ॲल्युमिनियमचे क्रँककेस वापरून ही अडचण दूर करण्यात आली. १९७४ मध्ये सादर झालेल्या टर्बो प्रतिमानात निष्कास वायूंवर चालणाऱ्या संपीडकामुळे २६० अश्वशक्ती मिळू लागली. पण ती काहीशी उशिराने व एकदम उसळून येत असल्याने वळणावर अधिक सावधगिरी बाळगावी लागे.

जुन्या गाड्यांची दुरुस्ती करताना कंपनीने नंतर केलेल्या या सुधारणा त्यांत उतरविता येतात. झिजलेल्या आट्यांच्या जागी पोलादी आटे बसविले जातात. झडपांचा दंड फिरविणारी साखळी सैल पडल्यास झडपा दट्ट्यांवर आदळून एंजिन निकामी होऊ शकते. म्हणून १९८४ च्या प्रतिमानापासून वापरलेले, तेलाच्या दाबावर चालणारे साखळी-ताणक जुन्या एंजिनांतही बसविण्याचा प्रघात आहे.

धूर व आवाज यांवरील निर्बंध कडक होत गेल्याने, तसेच प्रत्येक सिलिंडरास चार झडपा देताना शीर्ष पुरेसे थंड राखणे हवेने साधत नसल्याने, १९९७ पासून पाण्याने थंड होणारे एंजिन वापरात आले. २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ तयार झाली आणि २०२४ मध्ये एका प्रतिमानात विद्युत् चलित्राची जोड देण्यात आली. एंजिनाची जागा मात्र मागेच राहिली आहे. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, मोटारगाडी].