पिन प्रथिनांची प्रतिपिंडे

पिन प्रथिनांची प्रतिपिंडे ही वनस्पतींमधील ऑक्सिन या संप्रेरकाची वाहतूक करणारी ‘पिन’ गटातील प्रथिने ओळखण्यासाठी तयार केलेली संशोधन-साधने होत. एखादे प्रथिन पेशीत आहे की नाही, किती आहे आणि पेशीच्या कोणत्या बाजूस आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांच्या साहाय्याने मिळतात. यांतील तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण या प्रथिनाच्या स्थानावरून ऑक्सिनच्या प्रवाहाची दिशा ठरते.

पार्श्वभूमी

चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली असे दाखवले की, गवताच्या कोवळ्या अंकुराचे टोक झाकल्यास तो प्रकाशाकडे वळत नाही. टोकाकडून खाली जाणाऱ्या या संदेशाचा वाहक ऑक्सिन आहे, हे पुढे स्पष्ट झाले. मात्र ऑक्सिन ठरावीक दिशेनेच का वाहते, हे कोडे उरले.

फिलिप रूबेरी व रुपर्ट शेल्ड्रेक (१९७४) आणि जॉन रेव्हन (१९७५) यांनी त्याचे स्पष्टीकरण सुचवले. पेशीभित्तिकेतील द्रव किंचित आम्लधर्मी (सामू सुमारे ५.५), तर पेशीद्रव जवळजवळ उदासीन (सामू सुमारे ७) असतो. बाहेरच्या आम्लधर्मी द्रवात ऑक्सिनचे काही रेणू विद्युतभाररहित असतात व पटलातून आत शिरतात. आत आल्यावर त्यांवर ऋणभार येतो आणि ते अडकून पडतात. त्यांना बाहेर काढण्यासाठी वाहक प्रथिन लागते. असे वाहक पेशीच्या एकाच टोकाला असतील, तर ऑक्सिनही त्याच दिशेने पुढे जाईल. हा तर्क सिद्ध करायचा, तर वाहक प्रत्यक्ष पाहणे आवश्यक होते.

शोधाचा प्रवास

मार्क जेकब्ज व स्कॉट गिल्बर्ट यांनी १९८३ साली वाटाण्याच्या खोडात प्रतिपिंडे वापरून संभाव्य वाहक पेशींच्या तळाकडील टोकाला असल्याचे दाखवले. परंतु त्या वाहकाचे जनुक तेव्हा ज्ञात नव्हते.

पुढचा दुवा मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीत मिळाला. तिच्या एका उत्परिवर्ती प्रकारात फुलोऱ्याचा दांडा टाचणीसारखा उघडा राहतो. त्यावरून ‘पिन’ हे नाव पडले. १९९८ साली कोलोन येथील क्लाउस पाल्मे यांच्या गटाने पिन-१ जनुकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी ते खोडाच्या संवहनी ऊतकातील पेशींच्या खालच्या टोकाला दिसले. सुमारे पाव शतकापूर्वीच्या तर्काला असा दृश्य आधार मिळाला. ॲराबिडॉप्सिसमध्ये या कुटुंबाचे आठ सदस्य आहेत.

निर्मिती

पिन-१ सारख्या प्रथिनाची दोन्ही टोके पटलात रुतलेली असतात व मधला लांब, जलस्नेही भाग पेशीद्रवात असतो. कुटुंबातील सदस्यांमध्ये हा मधला भाग बराच भिन्न असतो. म्हणून त्याचा तुकडा जिवाणूंमध्ये तयार करून किंवा त्यातील लहान पेप्टाइड कृत्रिमरीत्या बनवून प्रतिजन म्हणून वापरतात. तो सशासारख्या प्राण्याला टोचला असता त्याच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात. रक्तातून ती वेगळी करून शुद्ध केली जातात.

वापर

मुळाचे अग्र प्रथम रसायनाने स्थिर करतात. नंतर विकरांनी पेशीभित्तिका सैल करतात व अपमार्जकाने पटल सच्छिद्र करतात. कारण प्रतिपिंडाला पेशीच्या आत पोहोचायचे असते. पहिले प्रतिपिंड पिन प्रथिनाला चिकटते. अनुस्फुरक रंजक जोडलेले दुसरे प्रतिपिंड पहिल्याला चिकटते आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा उजळते. निरनिराळ्या प्राण्यांपासून मिळवलेली प्रतिपिंडे वापरल्यास एकाच पेशीत दोन प्रथिने एकाच वेळी पाहता येतात.

प्रथिनाचे प्रमाण वेस्टर्न ब्लॉट पद्धतीने तपासतात. पटलातील जलविरोधी प्रथिने उकळल्यास गोळा होऊन जेलमध्ये नीट सरकत नाहीत, म्हणून नमुना सौम्य तापमानालाच ठेवणे इष्ट असते.

विश्वासार्हता

प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटले, तर प्रवाहाच्या दिशेविषयीचा निष्कर्षच चुकतो. एका कुटुंबातील प्रथिनांत साम्य असल्याने हा धोका वास्तविक आहे. त्यामुळे संबंधित जनुक निकामी झालेल्या रोपट्यात तेच प्रतिपिंड वापरून पाहतात. तेथे प्रकाश दिसता कामा नये. याशिवाय केवळ दुसरे प्रतिपिंड घालून, तसेच प्रतिजन टोचण्यापूर्वी घेतलेले त्याच प्राण्याचे रक्तद्रव्य वापरूनही पडताळणी करतात. हरितद्रव्य व लिग्निन स्वतःच अनुस्फुरण दाखवतात, ही बाबही लक्षात घ्यावी लागते.

मर्यादा

स्थिर केलेले ऊतक मृत असते. त्यामुळे प्रतिपिंडांतून एका क्षणाचे चित्र मिळते, हालचाल दिसत नाही. जिवंत पेशीतील बदल पाहण्यासाठी पिन प्रथिनाला हरित अनुस्फुरक प्रथिन जोडतात. मात्र अशा जोडणीमुळे मूळ प्रथिनाचे स्थान किंवा कार्य बदलण्याची शक्यता असते. प्रतिपिंडे वनस्पतीतील मूळ, अपरिवर्तित प्रथिन दाखवतात. त्यामुळे या दोन पद्धती परस्परपूरक मानल्या जातात.