मक्याचं पाणी

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेला निघाले, तेव्हा बॅगेत डिंक, आळीव, खारीक, बाळंतशेपा सगळं आठवणीनं भरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर लेक म्हणाली, "आई, तुझ्या नातवानं एक प्राणी पाळलाय. आल्यावर बघशीलच." मला वाटलं, ससा असेल. फार तर कासव.

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात तिचं घर. मराठी माणसं तिथं बरीच. पोचल्या पोचल्या अकरा वर्षांच्या नातवानं माझा हात धरला आणि खालच्या खोलीत नेलं. काचेच्या पेटीत लाकडाचा भुसा पसरलेला आणि त्यात साडेतीन फुटी केशरी साप! अंगावर तांबडे ठिपके, त्यांना काळी किनार. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कधी पोचले ते मलाच कळलं नाही.

"आजी, हा मक्या. कॉर्न स्नेक. विष नसतं त्याला."

हा साप मूळचा त्याच भागातला, अमेरिकेच्या आग्नेयेकडच्या राज्यांतला. शेतात, गोठ्यात, धान्याच्या कोठारात उंदीर खात फिरणारा, म्हणजे आपल्या धामणीसारखाच शेतकऱ्याच्या उपयोगाचा. मक्याच्या कोठारात सापडतो म्हणून कॉर्न स्नेक, असं काही जण म्हणतात. पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून, असं दुसरे म्हणतात. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. हे ऐकून मी मनात म्हटलं, म्हणजे नातवाच्या लग्नात हा असणार!

मैत्रिणींनो, आपल्याकडे हा प्रकार नाही आणि तो करूही नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्या इथला नाग, अजगर, धामण घरात पाळणं गुन्हा आहे. काही परदेशी जातींचीही आता २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. मी सांगतेय ती गोष्ट सापाची कमी आणि त्याच्या पाण्याच्या भांड्याची जास्त आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नात झाली. त्याच महिन्यात नातवाची शाळेची शिबिराची वारी ठरलेली होती, आठ दिवसांची. लेक बाळंतीण, जावई दिवसभर कामावर. मग मक्याचं पाणी कोण बदलणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, त्यात काय एवढं! माठ घासण्यात जन्म गेला माझा. पण नातवानं मला अर्धा तास शिकवणी दिली. भांडं चिनी मातीचं, जड, कारण हलकं असेल तर साप वेटोळं घालताना उपडं करतो. त्यात त्याला पूर्ण बसता आलं पाहिजे, पण भरायचं अर्धंच, नाहीतर तो आत शिरला की पाणी भुशात सांडतं. भुसा ओला राहिला की बुरशी येते आणि सापाच्या पोटाच्या खवल्यांना जखमा होतात. पेटीच्या एका टोकाला खाली ऊब देणारी पट्टी असते, तर भांडं ठेवायचं दुसऱ्या, गार टोकाला. गरम बाजूला ठेवलं तर पाणी लवकर नासतं आणि पेटीत दमटपणा वाढतो.

"आणि आजी, पाणी स्वच्छ दिसलं तरी रोज बदलायचं. तो त्यात शी पण करतो."

मी म्हटलं, "अरे, प्यायच्याच पाण्यात?"

"त्याला काय माहीत ते प्यायचं आहे!"

साप पाणी कसा पितो, हे मी तिथं पहिल्यांदा बघितलं. आपल्याला वाटतं जीभ काढून मांजरासारखं चाटत असेल. छे! जीभ त्याची वास घ्यायला. पाणी पिताना तो ओठ पाण्याला लावून शांत पडून राहतो आणि फक्त गळा खालीवर होताना दिसतो. लहानपणी नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो म्हणून आम्ही वाटी घेऊन धावायचो. दूध त्याचं अन्नच नव्हे. बिचाऱ्याला दिवसेंदिवस तहानलेला ठेवत, म्हणून पुढ्यात येईल ते तो तोंडाला लावी. मक्याचा गळा हलताना बघितला आणि ते नाग आठवले.

तर नातू शिबिराला गेला. पहिल्याच दिवशी मी भांडं उचललं, वर स्वयंपाकघरात आणलं, सिंकमध्ये ठेवलं आणि घासणीला साबण लावून लख्ख घासलं. शेजारी बाळाची दुधाची बाटली वाळत होती. तेवढ्यात लेक पाणी प्यायला आली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. एरवी कधी आवाज न चढवणारी पोरगी ओरडली, "आई, काय करतेयस तू हे!"

मला रागच आला. बाळंतपणाला एवढ्या लांबून यायचं आणि वर बोलून घ्यायचं? पण तिनं मग बसवून समजावलं. साप, कासव, पाली, असे प्राणी दिसायला ठणठणीत असले तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते अंगावर येतात, पाण्यात उतरतात, भांड्याला लागतात. मोठ्या माणसाला हगवण, ताप होऊन निभावतं. पण तान्ह्या बाळाला ते रक्तात पसरून जिवावर बेतू शकतं. म्हणूनच पाच वर्षांखालचं मूल किंवा पासष्टच्या पुढचं माणूस घरात असेल तर असे प्राणी नकोतच, असा तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची. म्हणजे घरात दोघीजणी त्या यादीतल्या!

आम्ही सिंक साबणानं घासलं, मग ब्लीचचं पाणी फिरवलं, बाटल्या पुन्हा उकळल्या, घासणी फेकून दिली. बाळाला पुढचे चार दिवस जरा कुरकुर झाली तरी माझ्या पोटात गोळा यायचा. देवाच्या दयेनं काही झालं नाही.

त्यानंतर मक्याचं सगळंच वेगळं झालं. वेगळी बादली, वेगळी घासणी, वेगळे हातमोजे. धुणं गॅरेजमध्ये, आणि घाण पाणी ओतायचं संडासात, मोरीत नाही. दोन भांडी आणली, एक पेटीत तर दुसरं धुऊन वाळत. रोज साबणाचं गरम पाणी. आठवड्यातून एकदा ब्लीच, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं, मग वास जाईपर्यंत खळबळून धुवायचं आणि उन्हात कोरडं करायचं. मी फिनेल सुचवलं होतं, पण फिनेल सापाला बाधतं.

भांडं खरंच स्वच्छ झालं की नाही, याची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, बोटानं होते. (हातमोज्यातल्या बोटानं बरं का.) आतून बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचाच थर असतो. नुसतं पाणी ओतून नवं भरलं तर तो तसाच राहतो आणि नवं पाणी तासाभरात जुन्यासारखं होतं. घासल्याशिवाय तो सुटत नाही.

पाचव्या दिवशी भांड्याच्या तळाशी काळे बारीक कण दिसले. मिरपूड सांडावी तसे. वाटलं, भुशातली घाण असेल. धुऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि जरा जास्तच. मक्या तर दोन दिवस पाण्यातच बसून होता, फक्त डोकं बाहेर. लेक म्हणाली, "कात टाकायच्या आधी बसतो तसा." मला ते पटेना. नातवानं जाताना सांगितलं होतं की कात टाकायच्या आधी त्याचे डोळे निळसर धुरकट होतात. याचे डोळे काचेसारखे स्वच्छ होते आणि कात टाकून जेमतेम पंधरा दिवस झालेले.

चाळीस वर्षं तांदूळ-डाळ निवडल्यावर खडा कुठला आणि पोरकिडा कुठला हे हाताला कळतं. मी ते पाणी पांढऱ्या कागदी रुमालावर ओतलं आणि चष्मा लावून बसले. बहुतेक कण मेलेले होते. एक चालत होता.

जावयांनी फोटो काढून प्राण्यांच्या डॉक्टरांना पाठवला. ते माइट्स होते. आपल्या गोचिडीच्या नात्यातलेच, पण मिलिमीटरभराहूनही बारीक. सापाच्या खवल्यांच्या फटीत, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली बसून रक्त पितात. खाजेनं हैराण झालेला साप पाण्यात जाऊन बसतो, काही माइट्स बुडून मरतात आणि तेच आपल्याला तळाशी दिसतात. म्हणजे भांडं घाण नव्हतं, ते दुखणं दाखवत होतं! म्हणून सापाचं भांडं आतून पांढरं असावं, हे डॉक्टरांचं म्हणणं मला फार पटलं. आमचं सुदैवानं होतं.

हे आले कुठून? साप तर घराबाहेर गेलेला नाही. नातू परत आल्यावर खोदून विचारलं, तेव्हा कळलं. मे महिन्यात त्यानं मित्राकडून एक छान वाकडी फांदी आणून पेटीत ठेवली होती, आणि त्या मित्राकडे चार साप. ना फांदी धुतली, ना तापवली. पोरगं रडकुंडीला आलं. "आजी, माझ्यामुळे झालं का?" मी म्हटलं, "फांदीमुळे झालं. आता कामाला लाग."

काम साधं नव्हतं. मादी सापावर अंडी घालत नाही, पेटीच्या कोपऱ्यात, झाकणाच्या खाचेत घालते, आणि उबेत दोन-तीन आठवड्यांत त्यांतून पुढची पिढी पिऊ लागते. नुसता साप धुऊन काय होणार? सगळा भुसा पिशवीत बांधून बाहेर टाकला, फांदी टाकली. पेटी गरम पाण्यानं कोपरा न् कोपरा घासली, आणि खाली भुशाऐवजी पांढरे कागदी रुमाल घातले. ते रोज बदलायचे, म्हणजे काळा ठिपका लगेच दिसतो. मी आपली डांबरगोळी आणि कडुनिंबाची धुरी सुचवून बघितली. डॉक्टर फोनवर नको नको म्हणाले. त्यांनी फवारा दिला, तोही मोजून. आणि बजावलं, फवारा मारताना पाण्याचं भांडं बाहेर काढा, सगळं कोरडं होईपर्यंत आत ठेवू नका, नाहीतर औषध पाण्यात उतरून सापाच्या पोटात जाईल.

पाच आठवडे आम्ही दोघं, आजी-नातू, रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये. तो मोजायचा. पहिल्या दिवशी तेवीस. मग नऊ. मग दोन. मग एकदम पुन्हा अकरा, तेव्हा तो हिरमुसला. पण ती अंड्यांतून निघालेली नवी पोरं होती. शेवटचे बारा दिवस कागदावर काहीच नाही. मक्यानं कात टाकली, एकसंध, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. ती हातात घेऊन बघितली मी. तोवर भीती कुठं गेली होती कोण जाणे. हात मात्र दोनदा धुतले.

नातीचा प्रश्न राहिलाच होता. लेक म्हणे, "ही उद्या रांगायला लागेल, तेव्हा काय?" नातू म्हणे, "मी दार लावून ठेवीन." दोघांचंही मला कळत होतं आणि मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही, हे खरं. निघायच्या आधी ठरलं की मक्याला जावयांच्या ऑफिसातल्या एका जोडप्याकडे ठेवायचं. त्यांच्याकडे लहान मूल नाही, आणि आधी साप पाळलेला. नातू पेटी गाडीत ठेवून आला आणि रात्री जेवला नाही. त्यांना त्यानं स्वतःच्या अक्षरात पाण्याच्या भांड्याचं पानभर लिहून दिलं. अजूनही दर रविवारी ते त्याला भांड्याचा फोटो पाठवतात.

घरी परत आले तेव्हा पावसाळा सरत आलेला. गच्चीवर चिमण्यांसाठी ठेवलेलं मातीचं पसरट भांडं शेजारणीनं रोज भरलं होतं, अगदी न चुकता. भरलं होतं, घासलं नव्हतं. कडेला हिरवं शेवाळ आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. आपल्याकडे आशाताई कोरडा दिवस पाळा म्हणून सांगून जातात, आपण पाणी ओतून देतो आणि झालं म्हणतो. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेघेच्या वर चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून घासायचं. रांजण, कूलर, फ्रीजच्या मागची ताटली, सगळंच.

मी काथ्या घेऊन ते भांडं घासत असतानाच नातवाचा व्हिडिओ कॉल आला. फोन भिंतीला टेकवून ठेवला. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आजी, आतून बोट फिरव ना. बुळबुळीत लागतंय का सांग."

लागत होतं. मी पुन्हा काथ्या उचलला.