स्वस्तातला मोठा पडदा घ्यावा का? तंजावरातून वीस वर्षांचा मागोवा

गेल्या वीस वर्षांत टीव्हीच्या पडद्याइतक्या झपाट्याने स्वस्त झालेल्या घरगुती वस्तू फार थोड्या. २००६ साली तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यातल्या शेतमजुराच्या घरी सरकारकडून फुकट चौदा इंची रंगीत टीव्ही येणार की नाही, हा विधानसभा निवडणुकीचा मुद्दा होता. आज त्याच जिल्ह्यात बेताच्या मिळकतीचे कुटुंब आडी या तमिळ महिन्यातल्या सवलतीत किंवा दीपावलीला पंचावन्न इंची टीव्ही हप्त्यांवर घेऊन जाते आणि शेजारीही त्याची फारशी दखल घेत नाहीत. ‘एवढ्या स्वस्तात एवढा मोठा टीव्ही घ्यावा का’ हा प्रश्न मात्र दर सणाला नव्याने पडतो आणि त्याचे उत्तर बहुधा त्या हंगामातल्या मॉडेलांपुरतेच दिले जाते. वीस वर्षांचा पट एकत्र पाहिला तर अधिक टिकाऊ उत्तर मिळते. या काळात पडदा स्वस्त झाला, पण टीव्ही पाहण्याचा एकूण खर्च त्या प्रमाणात घटला नाही. तो पडद्याच्या बाहेर सरकला: प्रक्षेपणात, आवाजात, विजेत आणि दुरुस्तीत. दुकानातली किंमत आपल्याला जवळजवळ फक्त पडद्याच्या क्षेत्रफळाची सांगितली जाते. बाकीचे चार खर्च ज्या घराला आधी मोजता येतात, त्या घरासाठी स्वस्त मोठा टीव्ही चांगली खरेदी ठरतो. जिथे ते मोजलेच जात नाहीत, तिथे तो पैसे अडकवणारी वस्तू होतो.

सुरुवात मोफत टीव्हीच्या योजनेपासूनच करायला हवी, कारण पुढच्या सगळ्या घडामोडींचे बीज तिच्यात आहे. ही योजना आणणारे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी हे जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या तिरुक्कुवळै गावचे. १९६२ मध्ये ते तंजावर मतदारसंघातूनच आमदार झाले होते. २००६ च्या जाहीरनाम्यातले आश्वासन पाळत त्यांच्या सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरपासून वाटप सुरू केले आणि २०११ पर्यंत राज्यभर दीड कोटींहून अधिक चौदा इंची संच दिले गेले. या वाटपाला आव्हान देणारे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जुलै २०१३ च्या निकालाने अशी आश्वासने म्हणजे निवडणुकीतला भ्रष्टाचार नव्हे, असे ठरवले आणि त्याच वेळी निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखायला सांगितले. ग्राहकाच्या दृष्टीने या योजनेचा धडा वेगळाच आहे. संच फुकट मिळाला, पण त्यात चित्र आणणारी केबल फुकट नव्हती. एकदाची किंमत शून्य झाली आणि दरमहाचा खर्च कायमचा मागे लागला. सरकारलाही तो खर्च दिसला. अरसु केबल या सरकारी महामंडळाने जी मोजकी प्रक्षेपण केंद्रे उभारली, त्यांत तंजावर होते, आणि सप्टेंबर २०११ मध्ये नव्या सरकारने ही सेवा महिना ७० रुपयांत देऊ केली. टीव्ही म्हणजे फक्त खोके नाही, हे राज्याच्या धोरणात त्या वेळी मान्य झाले. दुकानात उभे असताना मात्र आपण ते अजूनही विसरतो.

पडदा एवढा स्वस्त का झाला, याची कारणे तंजावरपासून फार दूरची आहेत. एलसीडी पडदे काचेच्या अवाढव्य पत्र्यांवर तयार करून मग कापले जातात, आणि पत्रा जितका मोठा तितका मोठा पडदा स्वस्त पडतो. चीनमध्ये हेफेई येथे बीओई कंपनीने २०१७ च्या अखेरीस सुरू केलेल्या कारखान्यात सुमारे तीन मीटर रुंद आणि साडेतीन मीटरच्या जवळपास लांब पत्रा वापरला जातो. त्यातून पासष्ट इंची आठ पडदे निघतात. असे कारखाने वाढले तशी मोठ्या पडद्यांची टंचाई संपली. भारतात त्याचा परिणाम २०१८ मध्ये ठळकपणे दिसला. शाओमीने फेब्रुवारीत पंचावन्न इंची फोर-के टीव्ही ३९,९९९ रुपयांना आणि मार्चमध्ये बत्तीस इंची १३,९९९ रुपयांना आणला, आणि बाकीच्या कंपन्यांना किमती खाली आणाव्या लागल्या. कराची भिंत मात्र राहिली होती. १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के आणि त्यावरच्या आकारावर २८ टक्के जीएसटी, अशी विभागणी साडेसहा वर्षांहून अधिक टिकली. २२ सप्टेंबर २०२५ ला ती संपली आणि सगळ्यांवर १८ टक्के लागू झाले. मूळ किंमत ३०,००० रुपये धरली तर ग्राहकाला ३८,४०० ऐवजी ३५,४०० द्यावे लागतात. तीन हजारांचा हा फरक खरा आहे. तो कुठे खर्चावा, हा या लेखातला पुढचा प्रश्न आहे.

क्षेत्रफळाचा हिशेब केला तर मोह समजतो. पंचावन्न इंची पडदा बत्तीस इंचीच्या जवळजवळ तिप्पट असतो आणि २००६ च्या चौदा इंचीच्या तेरापटीहून मोठा. पण या पडद्यावर येते काय? साध्या, म्हणजे एसडी, वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०. म्हणजे बरोबर वीसपट. साधी केबल लावली की पडद्यावरच्या वीस ठिपक्यांपैकी एका ठिपक्यापुरतीच माहिती बाहेरून येते आणि उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. हा अंदाज चांगला करणारी चिप महाग टीव्हीत असते. स्वस्त टीव्हीत काटछाट होते ती इथेही. त्यामुळे जुन्या बत्तीस इंचीवर नीटस दिसणारी मालिका नव्या पंचावन्न इंचीवर धूसर दिसते, आणि टीव्ही ‘खराब निघाला’ असे वाटते. उपाय एचडी वाहिन्यांचा. पण १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या, दूरसंचार नियामक ट्रायच्या दररचनेत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी मोजली गेली, आणि तीच वाहिनी एचडीत घेतली तर तिची किंमतही सहसा जास्त. दुसरा उपाय इंटरनेटचा, आणि तिथे एका तासाचे फोर-के चित्र सात जीबीपर्यंत डेटा खाते. मोठा पडदा घेण्याआधी घरात येणारे चित्र कोणत्या दर्जाचे आहे, हे पाहिलेच पाहिजे. ते साध्या केबलचेच राहणार असेल, तर बत्तीस ते त्रेचाळीस इंचांच्या पुढचा पैसा वाया जातो.

तंजावरातल्या मराठी घरांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. भोसल्यांच्या राजवटीपासून, म्हणजे साडेतीनशे वर्षे, इथे स्थिरावलेल्या या कुटुंबांची बोली तमिळच्या सहवासात वाढली. तमिळ भागातल्या केबलच्या नेहमीच्या संचात मराठी वाहिन्या शोधाव्याच लागतात. डीडी फ्री डिशवर सह्याद्री वाहिनी मासिक भाड्याशिवाय मिळते. सन समूहाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सन मराठी सुरू केली. पण जुने मराठी चित्रपट, कीर्तने, नाटके आणि पुण्या-मुंबईच्या बातम्या घरात आणल्या त्या प्रामुख्याने इंटरनेटने. अशा घरासाठी टीव्हीचे मोल इंचांपेक्षा त्याच्या इंटरनेटच्या सोयीत अधिक आहे. आणि ही सोय टीव्हीपासून वेगळी करता येते. शाओमीच्या त्या पहिल्या पंचावन्न इंची टीव्हीत सुरुवातीला नेटफ्लिक्ससुद्धा नव्हते. काही हजार रुपयांची एचडीएमआय स्टिक लावली की उणीव भरून निघत होती. टीव्हीतले सॉफ्टवेअर चार-पाच वर्षांत मंदावते, स्वस्त टीव्हीत त्याहून लवकर, कारण त्यात मेमरी कमी असते. पण तेवढ्यासाठी पडदा टाकून द्यायची गरज नाही.

आता उजेड आणि आवाज. तंजावरच्या जुन्या घरांत मधल्या चौकातून, म्हणजे मुत्तममधून, दिवसभर प्रकाश येतो, आणि नव्या घरांतही खिडक्या मोठ्या असतात. स्वस्त टीव्हीचा पडदा साधारण दोनशे ते तीनशे निट्स उजेड देतो, तर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारी, चित्रे बहुधा हजार निट्स गृहीत धरून तयार केलेली असतात. खोक्यावर एचडीआर छापलेले असते ते टीव्हीला तो संकेत वाचता येतो म्हणून. तेवढा उजेड टीव्ही दाखवू शकतोच असे नाही. दुसरी बाब पाहण्याच्या कोनाची. घरातली सात-आठ माणसे खाली सतरंजीवर, बाजूच्या खुर्चीत, दारापाशी बसून पाहतात. काळा रंग गडद दाखवणारे व्हीए प्रकारचे पॅनल बाजूने फिके दिसते. आयपीएस प्रकारचे बाजूने चांगले दिसते, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा करडा वाटतो. दुकानात टीव्हीच्या समोर उभे न राहता बाजूला जाऊन पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. आवाजाचे तर विचारूच नये. पातळ टीव्हीचे भोंगे खाली तोंड करून बसवलेले असतात. जवळच्या तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेतली पंचरत्न कीर्तने दूरदर्शनवर पाहताना मृदंगाच्या डाव्या अंगाचा घुमार त्यांतून ऐकूच येत नाही. तंजावरसारख्या ज्या शहराची ओळख संगीताने आहे, तिथे आकार एक पायरी कमी करून उरलेल्या पैशांत साधा वेगळा स्पीकर घेणे हाच शहाणा व्यवहार आहे.

वीज आणि दुरुस्ती यांचा हिशेब फार कमी लोक करतात. तमिळनाडूत २०१६ पासून प्रत्येक घराला दर दोन महिन्यांना शंभर युनिट वीज मोफत आहे. शंभर वॉटचा पंचावन्न इंची टीव्ही रोज पाच तास चालला, तर दोन महिन्यांत तीस युनिट लागतात; म्हणजे मोफत विजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पंचेचाळीस वॉटच्या बत्तीस इंचीला साडेतेरा. जे घर शंभराच्या आतच राहते त्याला फरक जाणवणार नाही, पण जे काठावर आहे त्याला दर बिलात जाणवेल. त्यात हा कावेरीच्या डेल्टातला, वादळांचा प्रदेश. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गजा चक्रीवादळात या पट्ट्यात विजेचे लाखभर खांब कोसळले आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणीकडच्या गावांना दिवसेंदिवस वीज नव्हती. वीज जाते आणि झटक्याने परतते, तेव्हा पहिला बळी पॉवर बोर्डाचा जातो. मागच्या एलईडी पट्ट्या किंवा पॉवर बोर्ड बदलणे परवडते. पडदा फुटला वा पॅनल गेले, तर दुरुस्ती नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जाते. म्हणून कंपनीचे सेवाकेंद्र तंजावरात किंवा कुंभकोणमला आहे का, सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारावे. नाव मोठे असणे पुरत नाही. औरंगाबादजवळ उभी राहिलेली व्हिडिओकॉन एकेकाळी देशातल्या सर्वांत मोठ्या टीव्ही कंपन्यांपैकी होती. जून २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की मोठा पडदा हाच एक आनंद आहे आणि बेताच्या मिळकतीच्या घराला तो नाकारणारे आपण कोण? हे पूर्ण मान्य. वयस्कर डोळ्यांना मोठी अक्षरे, मोठे चेहरे दिसणे ही चैन नाही. म्हणूनच ‘घेऊ नका’ असे मी म्हणत नाही. अंतर मोजा असे म्हणतो. पडद्याच्या तिरक्या मापाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट अंतर चांगले. पंचावन्न इंचीला सात-आठ फूट, त्रेचाळीस इंचीला सहा फुटांच्या आसपास. दुसरा आक्षेप असा, की किमती उतरतच असतात, मग चार वर्षांनी नवा घ्यावा, टिकाऊपणाची चिंता कशाला? समजा, तीस हजारांचा टीव्ही चार वर्षे चालला, तर वर्षाला साडेसात हजार पडतात. चाळीस हजारांचा आठ वर्षे चालला, तर पाच हजार. किमती उतरतातच असेही नाही; २०२० च्या उत्तरार्धापासून वर्षभर पॅनलच्या किमती चढल्या होत्या. शिवाय टाकलेला प्रत्येक पडदा ई-कचरा होतो. तिसरा आक्षेप, की आता सगळे फोनवरच पाहतात. फोन एकट्याचा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या राज्य सरकारच्या कल्वी या शैक्षणिक वाहिनीने कोरोनाकाळात शाळा बंद असताना राज्यातल्या मुलांपर्यंत धडे नेले, ते प्रत्येक मुलाच्या हाती फोन नव्हता म्हणूनच. एका पडद्यासमोर घर बसते, ही टीव्हीची किंमत अजून कमी झालेली नाही.

हप्त्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल होते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. म्हणून रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज, दोन्ही कागदावर लिहून घ्यावी. एवढे करून जे घर सात-आठ फुटांवर बसते, ज्याच्याकडे एचडी वाहिन्या किंवा भरवशाचे इंटरनेट आहे, ज्याच्या गावाजवळ सेवाकेंद्र आहे आणि ज्याने स्पीकरसाठी व विजेच्या झटक्यापासून संरक्षण देणाऱ्या साधनासाठी तीन-चार हजार बाजूला ठेवले आहेत, त्याने स्वस्तातला पंचावन्न इंची टीव्ही निःशंक घ्यावा. कर कमी झाल्यावरचे तीन हजार नेमके तिथेच कामी येतील. जिथे साधी केबल आणि लहान खोली आहे, तिथे चांगला त्रेचाळीस इंची जास्त समाधान देईल. आकार कोणताही ठरला, तरी त्या आकारातला सर्वांत स्वस्त संच टाळावा, कारण पडद्याची किंमत सगळ्या कंपन्यांना जवळपास सारखीच पडते आणि त्याखाली दर न्यायचा तर काटछाट चिप, उजेड, आवाज आणि सुट्या भागांतच करावी लागते. २००६ मध्ये सरकारने फुकट दिलेल्या संचालाही केबलची जोड द्यावी लागली होती. आज स्वतःच्या कमाईतून पडदा घेणाऱ्याने त्याची जोड आधी ठरवावी आणि इंच शेवटी.