जोडीदाराच्या व्हिसाची वैद्यकीय तपासणी : जुना टीबी लपवू नका

अमेरिकेत पती किंवा पत्नीकडे कायमचे राहायला जायचे असेल, तर दूतावासाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडेच तपासणी करावी लागते. फॅमिली डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही. ती मुलाखतीच्या तारखेला अगदी खेटून ठेवू नका. कारण छातीचा एक्स-रे. त्यात टीबीचा संशय आला किंवा पूर्वी टीबी झालेला असला, तर सलग ३ दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरच्या अहवालाला सुमारे ८ आठवडे लागतात.

सासरी कळेल या भीतीने काहीजण जुना टीबी सांगत नाहीत. पण फुप्फुसावर व्रण राहिला असेल, तर तो एक्स-रेत दिसतोच! त्यापेक्षा जुने एक्स-रे आणि औषधांचा कोर्स पूर्ण केल्याचे कागद सोबत न्या. थुंकीची तपासणी टळणार नाही, पण पूर्वी कोणते उपचार झाले हे डॉक्टरांना नेमके कळेल.

मधुमेह, रक्तदाब असल्यास चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. केवळ एचआयव्ही आहे म्हणून २०१० पासून प्रवेश नाकारला जात नाही.

लसीकरणाच्या नोंदी शोधून ठेवा. पाळी चुकली असेल तर एक्स-रे आणि लशींआधी सांगा. गोवर-रुबेला व कांजिण्यांच्या लशी गरोदरपणात देत नाहीत.