हाडावरचा ओरखडा कुणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसजवळ, वढा-जुगादला, वर्धा आणि पैनगंगा एकमेकींना भेटतात. कार्तिक पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. याच दोन नद्यांच्या खोऱ्यात भूशास्त्राचे अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांना स्टेगोडॉन या नामशेष हत्तीची अश्मीभूत हाडे मिळाली, अश्मयुगीन दगडी हत्यारेही मिळाली. हाडे सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा त्यांचा अंदाज. चंद्रपूर शहरालगतची पापामिया टेकडी तर दगडी हत्यारांसाठी पूर्वीपासून माहीत आहे. हत्ती होता, माणूसही होता; मग शिकार झालीच असणार, असे कुणालाही वाटेल.

घाई होते ती इथेच. पुराचे पाणी कुठले हाड, कुठला दगड उचलून आणते आणि गोट्यांच्या एकाच थरात टाकून देते. दोघांच्या वयात हजारो वर्षांचे अंतर असू शकते.

खरी साक्ष हाडाच्या पाठीवर असते. दगडी पात्याने मांस सोडवताना हाडावर अरुंद, खोल खाच पडते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या आत बारीक समांतर रेघा दिसतात. तरसाच्या दाताचा चर रुंद आणि गोल बुडाचा. साळिंदर हाडे बिळात ओढून नेते आणि कुरतडते, त्याच्या दातांचे चपटे पट्टे शेजारी शेजारी उमटतात. वाळूत जनावरांच्या पायाखाली तुडवलेले हाडही खरचटते, आणि त्या खरचटण्याने भलेभले फसले आहेत.

काश्मीरमधल्या पांपोरचे उदाहरण बोलके आहे. तिथे 2000 मध्ये पॅलिओलॉक्सोडॉन या प्रचंड हत्तीचे अवशेष सापडले, सोबत 87 दगडी हत्यारे. काळ तीन ते चार लाख वर्षांपूर्वीचा. जीवाश्मतज्ज्ञ अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये दाखवून दिले की, मज्जेसाठी हाडांवर घाव घालून त्यांच्या ढलप्या काढल्या होत्या. भारतातला हा असा सर्वांत जुना पुरावा. पण हत्ती माणसांनी मारला, की आयता मेलेला सापडला? शिकारीचा थेट पुरावा मात्र तिथे नाही. जर्मनीत लेरिंगेनला 1948 मध्ये याच कुळातल्या हत्तीच्या बरगड्यांत लाकडी भाला सापडला होता. असा योग क्वचितच येतो.

नदीपेक्षा गुहा बरी, कारण तिथला गाळ जागचा फारसा हलत नाही. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक नावाजलेल्या गुहा माणसाने खोदलेल्या, भद्रावतीची विजासन लेणीसुद्धा. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडक आहे, पण त्याची ख्याती सिमेंट कारखान्यांपुरतीच! हाडांनी भरलेल्या नैसर्गिक गुहा पाहायच्या तर आंध्रात कुर्नूलला जावे लागते. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1884 मध्ये आपल्या मुलासह तिथल्या बिल्लासुर्गम गुहांचे खोदकाम सुरू केले. पुढे पुरातत्त्वज्ञ एम. एल. के. मूर्ती यांना जवळच्याच दुसऱ्या गुहेत हाडांची हत्यारे आणि सुमारे 17 हजार वर्षांपूर्वीची चूल मिळाली. अर्थात गुहेत तरसही राहतो आणि साळिंदरही, म्हणून तिथेही प्रत्येक हाडाची उलटतपासणी आलीच.

बिल्लासुर्गमच्या हाडांनी शिकारीपेक्षा वेगळीच गोष्ट सांगितली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या 21 सस्तन प्राण्यांपैकी 20 किमान एक लाख वर्षे टिकून राहिल्याचे दिसले. अमेरिकेत माणूस पोहोचल्यानंतर बहुतेक महाकाय प्राणी संपले. भारतात जुकर यांच्या पाहणीनुसार चार मोठ्या प्रजाती गेल्या: दोन हत्ती, एक पाणघोडा आणि एक रानघोडा. बाकीचे जगले. इथले प्राणी आणि माणूस लाखो वर्षे एकमेकांना ओळखून होते, म्हणून हे घडले असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्यासारखे आहे.

ताडोबात आजही गवा आहे, गडचिरोलीच्या कोलामार्कात रानम्हैस. रानहत्ती मात्र या भागातून केव्हाच गेले होते. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडमार्गे एक कळप गडचिरोलीत उतरला आणि उभ्या धानात शिरला. त्याला आवरायला पश्चिम बंगालहून हत्ती हाकणारी ‘हुल्ला पार्टी’ बोलवावी लागली, कारण रानहत्तीपुढे कसे उभे राहायचे हे इथे फारसे कुणाला ठाऊक उरले नव्हते.