वेस्टर्नपटांतील मूळ रहिवासी
अमेरिकन वेस्टर्नपटांतील घोडदौड व गोळीबार आपण पुष्कळ पाहिला. पण ज्यांची ती भूमी, त्या मूळ रहिवाशांकडे आपण पाहिले काय? जॉन फोर्डच्या १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये ते केवळ चालून येणारे संकट आहेत, अपाची म्हणून उभे केले तेही नव्हाहो लोक. १९५० च्या ‘ब्रोकन ॲरो’ने अपाचींचा सरदार कोचीस याच्यातला माणूस दाखविला, पण भूमिका गोऱ्या जेफ चँडलरची! १९९० च्या ‘डान्सेस विथ वुल्व्हज’मध्ये लाकोटा भाषा ऐकू आली, तरी कथानायक गोराच. १९९८ च्या ‘स्मोक सिग्नल्स’चे लेखक, दिग्दर्शक व प्रमुख नट मात्र त्यांच्यातलेच होते. पडद्यावर दिसणे निराळे आणि आपली कथा आपण सांगणे निराळे, हेच यावरून आपण ध्यानी घ्यावयाचे.